ग्रामोफोन यंत्रांची पारख : वादन, रूप आणि मोल

कोलकात्याच्या रसेल स्ट्रीटवर आणि तिच्या आसपासच्या रस्त्यांवर जुन्या सामानाचा लिलाव करणाऱ्या पेढ्यांची एके काळी मोठी चलती होती. इंग्रज कुटुंबे मायदेशी परतू लागली, जमीनदार घराण्यांचे वाडे विकले जाऊ लागले, तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यांतील झुंबरे, पियानो, बिलोरी आरसे आणि ग्रामोफोन या पेढ्यांतून लिलावात निघाले. १९४० साली स्थापन झालेल्या ‘रसेल एक्स्चेंज’सह मोजक्याच पेढ्या आता उरल्या आहेत. जुन्या ध्वनिमुद्रिकांचा शोध घेणारे लोक पूर्वीच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या मिर्झा गालिब स्ट्रीटवर, किंवा वेलिंग्टनच्या पदपथावर अजूनही फेरी मारतात. अशा हौशी मनुष्याच्या हाती चार पैसे आले आणि ध्वनिमुद्रिकांबरोबर त्या वाजवणारे यंत्रही आपल्या घरी असावे असे त्याला वाटू लागले, की त्याची नजर प्रथम जाते ती लखलखीत पितळी कर्ण्याकडे. बहुतेकांची फसगत होते ती याच ठिकाणी.

घरी ठेवण्यासाठी ग्रामोफोन घेताना तीन गोष्टींचा विचार करावा लागतो. यंत्र वाजते कसे, दिसते कसे आणि बाजारात त्याचे मोल काय. जुन्या घड्याळाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी बहुधा हातात हात घालून चालतात. चांगले चालणारे घड्याळ देखणे असते आणि महागही असते. ग्रामोफोनच्या बाबतीत मात्र त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. जे सर्वांत मोलाचे, ते वादनाच्या दृष्टीने सामान्य. जे उत्तम वाजते, ते दिसायला साधी पेटी. आणि जे सर्वांत झगमगते, ते पुष्कळदा मुळात ग्रामोफोनच नसते. शिवाय या व्यवहारात चौथा एक पक्ष आहे व त्याच्या वतीने बोलणारा कोणीच नसतो. तो म्हणजे तबकडी. यंत्र चुकीचे निवडले तर पैसा जातो, तो पुन्हा मिळवता येतो. पण १९०५ सालची एखादी तबकडी त्या यंत्रावर झिजून गेली, तर तिच्यावरचा आवाज कायमचा गेला.

हा प्रश्न कोलकात्यात इतक्या ठळकपणे का उभा राहतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने १९०१ साली कलकत्त्यात आपली कचेरी उघडली. १९०२ च्या हिवाळ्यात तिचा ध्वनिमुद्रक फ्रेडरिक विल्यम गैसबर्ग तेथे उतरला आणि त्याने गौहरजानसह अनेक गायक-गायिकांचा आवाज मेणाच्या तबकड्यांवर उतरवून घेतला. त्या मुद्रिका प्रारंभी जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून बोटीने परत येत. १९०८ साली सियालदह येथे कंपनीचा छापखाना सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस दमदम येथील मोठा कारखाना उभा राहिला. तबकडीला लागणारी लाख तर बंगालच्या शेजारच्याच जंगलांतून येत असे. बंगाली माणसाने या यंत्राला ‘कलेर गान’, म्हणजे यंत्राचे गाणे, असे आपल्या भाषेतले नाव दिले, यावरून ते तेथे किती रुजले हे कळून येते. सारांश, देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा येथे तबकड्या अधिक, यंत्रे अधिक आणि त्यांना हात घालणारे कारागीरही अधिक झाले. अस्सल वस्तू मुबलक असल्या की नक्कल करणाऱ्यालाही सुटे भाग मुबलक मिळतात.

यंत्रांची तुलना करण्यापूर्वी त्यांचे कार्य ध्यानात घ्यावयास हवे. चावी दिलेली पोलादी कमान उलगडते आणि थाळी फिरते. तीन लहान वजने बसवलेला गव्हर्नर तिची गती आवरून धरतो. तबकडीच्या खाचेतून सुई डावी-उजवीकडे हलते; ती हालचाल साउंडबॉक्समधील अभ्रकाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पडद्याला पोचते; पडदा हवा हलवतो आणि कर्णा त्या हवेला ऐकू येण्याजोगे बळ देतो. विजेचा कोठेही संबंध नाही. म्हणजे ऐकू येणारा सगळा आवाज खाचेतूनच, सुईच्या जोरावर, काढला जातो. यासाठी सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार असावा लागतो. पुढे आलेल्या लाँग-प्ले तबकडीवर हा भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो, यावरून फरकाची कल्पना यावी.

लाखेच्या तबकडीत लाखेपेक्षा दगडाची बारीक पूड अधिक असते. ती मुद्दाम घातलेली असते. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत ती पोलादी सुईचे टोक घासून खाचेच्या आकाराचे करते आणि मग सुई खाचेत नीट बसते. परंतु तीन मिनिटांनी बाजू संपते तेव्हा त्याच टोकाला छिन्नीसारखी धार आलेली असते. म्हणून एका बाजूला एक सुई, हा नियम. सुयांच्या डबीवर तो छापलेला असे, आणि काटकसरी घरांतून तो सर्रास मोडला जाई. आज करड्या पडलेल्या, खरखरणाऱ्या ज्या तबकड्या आढळतात, त्यांच्या दुर्दशेस ही काटकसर बरीचशी कारण आहे.

आता यंत्रांकडे वळू. कुत्रा आणि कर्णा यांचे जगप्रसिद्ध चित्र फ्रान्सिस बॅरॉ याने काढले. मूळ चित्रात एडिसनच्या धर्तीचे सिलिंडरचे यंत्र होते. १८९९ साली ते रंगवून झाकले गेले आणि त्या जागी ग्रामोफोन आला. चित्रातला तो ग्रामोफोन १८९८ च्या सुमाराचा आहे. लहानशी लाकडी पेटी, वर एक आडवा आधार आणि त्यावर तोललेला कर्णा. कर्ण्याच्या निमुळत्या टोकालाच साउंडबॉक्स जडवलेला. संग्राहकाच्या स्वप्नातले यंत्र ते हेच. अस्सल नमुना अत्यंत दुर्मीळ, आणि म्हणून किंमतही तशीच. परंतु वाजवण्याचे यंत्र म्हणून त्याच्याकडे पाहिले तर काय दिसते? साउंडबॉक्स आणि कर्णा एकजीव असल्याने कर्ण्याच्या वजनाचा काही भाग थेट तबकडीवर येतो, आणि सुई पुढे सरकताना तिला सबंध कर्णा ओढत न्यावा लागतो. चुकून असे यंत्र कोणाच्या हाती लागलेच, तर त्याने ते पाहावे, दाखवावे, पण त्यावर गौहरजान वाजवू नये.

ही अडचण निमुळत्या टोनआर्मने दूर केली. १९०३ च्या सुमारास आलेल्या या सुधारणेत कर्ण्याचा भार पेटीच्या मागे बसवलेल्या भक्कम ओतीव आधारावर गेला आणि टोनआर्म तेवढी हलू लागली. ‘मोनार्क’ मालिकेतील यंत्रे या जातीची. त्यांचा ‘एक्झिबिशन’ नावाचा अभ्रकी साउंडबॉक्स ही साधी पण विलक्षण चिवट वस्तू आहे. रबराची कडी कडक झाल्यामुळे तो घरघरू लागतो, ती बदलली की शंभर वर्षांनंतरही गाऊ लागतो. १९२५ पूर्वीचे ध्वनिमुद्रण विजेविना होत असे. गायक कर्ण्यात तोंड घालून गाई आणि त्याच्या आवाजाच्या जोरावर मेणात खाच उमटे. अशा मुद्रिकांना अभ्रकी पडदा आणि मोठा उघडा कर्णा मानवतो. स्त्रीचा वरच्या पट्टीतला आवाज त्यातून जितका मोकळा येतो, तितका नंतरच्या पुष्कळ यंत्रांतून येत नाही. रूपाविषयी वेगळे सांगायला नको. फुलासारखा पाकळ्यापाकळ्यांचा कर्णा खोलीत आला की इतर सामान फिके पडते. येथे वादन, रूप आणि मोल या तिन्ही गोष्टींचा मेळ पडतो. अट एकच, यंत्र अस्सल असले पाहिजे.

बाजारात कर्ण्याचे यंत्र म्हणून जे विकले जाते, त्यातला फार मोठा भाग अलीकडे जोडलेला आहे. ही कारागिरी भारतात अनेक दशके चालू असून तिचा माल परदेशांतही पसरला आहे. पाश्चात्त्य संग्राहकांनी तर त्याला एक शेलके नाव देऊन ठेवले आहे. पद्धत अशी. एखादे मोडके हातपेटी यंत्र घ्यायचे, त्याची मोटार काढायची, सहा किंवा आठ कोनांची नवी लाकडी पेटी करून तीत ती बसवायची, वर नव्या पितळी पत्र्याचा कर्णा चढवायचा आणि पेटीच्या दर्शनी बाजूस कुत्र्याचे चित्र चिकटवायचे. हातपेटी मोडण्यापूर्वी वाजत होती. आता ती वाजत नाही, पण तिचा भाव वाढला आहे!

अशा यंत्राची ओळख पटवणे फारसे अवघड नाही. कर्णा पितळी असणे हा एकटा पुरावा नव्हे, कारण अगदी आरंभीच्या काळात पितळी कर्णे होतेच. परंतु पाकळ्यांचे अस्सल कर्णे बहुधा पोलादी पत्र्याचे व रंगवलेले असत, काही लाकडीही असत. सबंध कर्णा सोन्यासारखा चमकत असेल तर शंका घ्यावी. कर्णा हाताने हळूच हलवून पाहावा. अस्सल यंत्रात मागचा आधार जाड ओतीव लोखंडाचा असतो आणि जोड घट्ट बसतो. जोडकामात पातळ पत्र्याचे कोपर लटपटते आणि हवा जोडातूनच निसटते. पेटीवर जीर्णता आहे पण चावीच्या भोकाभोवती झीज नाही, असे दिसले तर ती जीर्णता पॉलिशवाल्याने आणलेली समजावी. सर्वांत खात्रीची परीक्षा सुईची. टोनआर्म आत वळवून सुईचे टोक थाळीच्या मधल्या खुंटीकडे न्यावे. नीट आखलेल्या यंत्रात ते खुंटीपाशी येते. जोडकामात ते कित्येकदा बोट-दोन बोटे अलीकडेच अडते किंवा भलतीकडे जाते. त्याचा अर्थ असा, की सुई सबंध बाजूभर खाचेच्या एका भिंतीला तिरपी घासत जाणार. यंत्राचा खोटेपणा मालकापुरता राहत नाही. प्रत्येक वादनागणिक तो तबकडीवर कोरला जातो.

१९०६ साली अमेरिकेत ‘व्हिक्ट्रोला’ने कर्णा पेटीच्या पोटात लपवला आणि लवकरच टेबलावर ठेवायच्या व उभ्या कपाटासारख्या यंत्रांची रीत सर्वत्र पडली. कोलकात्याच्या जुन्या घरांतून ही यंत्रे अजून निघतात व स्वस्तात जातात. १९२५ पूर्वीच्या बहुतेक कपाटांतील कर्णा आखूड व ओबडधोबड असतो. मोठी पेटी म्हणजे मोठा आवाज हा समज त्यांच्यापुरता तरी खोटा आहे. सागवानी किंवा ओकची पेटी बैठकीत शोभते, एवढे श्रेय त्यांना द्यावे आणि पुढे जावे.

१९२५ साली पाश्चात्त्य देशांत विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि काही वर्षांत ते भारतातही आले. नव्या तबकड्यांत खालचे व वरचे स्वर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक उमटू लागले. जुन्या अभ्रकी साउंडबॉक्सला ते पेलेनात. जोरकस जागी तो थरथरे आणि आवाज फाटे. म्हणून यंत्रांची आखणी नव्याने झाली. त्यातून ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची दोन अपत्ये निपजली, एक अवाढव्य आणि एक चिमुकले.

अवाढव्य यंत्रे म्हणजे १९२७ च्या सुमारास आलेली दुमडलेल्या कर्ण्याची कपाटे. हवेची वाट दुभंगत, वळसे घेत, पुन्हा एकत्र येत एवढ्या लांबीचा कर्णा कपाटात सामावते, की सरळ केला तर तो खोलीत मावायचा नाही. २०२ आणि २०३ या क्रमांकांची यंत्रे त्यांतील सर्वांत मोठी. चावीवर चालणारे यंत्र असे गाऊ शकते यावर प्रथम ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. वादनापुरते बोलायचे तर घरगुती यंत्रांत याहून वरचे स्थान फार थोड्यांना देता येईल. पण ती दुर्मीळ आहेत, वजनदार आहेत, आणि त्या काळातील जस्तमिश्र ओतीव भाग हा त्यांचा जुना रोग आहे. हा धातू वर्षांनुवर्षे आतून फुगतो, तडकतो आणि हात लावताच त्याचा चुरा होतो. याला उपाय नाही. टोनआर्मवर किंवा साउंडबॉक्सवर केसासारख्या भेगा दिसल्या तर सौदा तेथेच सोडलेला बरा.

चिमुकले यंत्र म्हणजे हातपेटी. १९२५ साली १०१ क्रमांकाची आणि १९३१ साली १०२ क्रमांकाची हातपेटी आली. दुसरी तर पंचवीसहून अधिक वर्षे बनत राहिली. बहुतेक काळ्या रंगाच्या, काही लाल, निळ्या, हिरव्या. मूठ धरून उचलावी, सहलीला न्यावी, लग्नघरी न्यावी. मराठी वाचकांपैकी ज्यांच्या आजोळी ‘फोनो’ होता, तो बहुधा असल्याच एखाद्या हातपेटीचा असेल. रूप म्हटले तर प्रवासी बॅगेचे. संख्येने विपुल असल्याने मोलही माफक. तथापि १०२ चे झाकण उघडून तिच्यावर तिसऱ्या-चौथ्या दशकातली एखादी स्वच्छ तबकडी लावावी. कर्णा पेटीच्या आतल्या जागेत कौशल्याने वळवलेला आहे. आवाज झाकणावर आपटून पुढे येतो. ॲल्युमिनियमच्या पडद्याचा तिचा साउंडबॉक्स सैगल, पंकज मल्लिक, अब्दुल करीम खाँ यांचे स्वर जितक्या स्पष्टपणे उभे करतो, तितके तिच्या चौपट आकाराच्या कपाटांना साधत नाही. बाजू संपली की ती आपोआप थांबते. सुटे भाग मिळतात, दुरुस्ती जाणणारे कारागीरही अजून सापडतात. प्रथमच यंत्र घेणाऱ्या संग्राहकाला एकच नाव सुचवायचे झाले तर ते हिचेच सुचवावे लागेल. आणि नेमक्या याच हातपेट्या कर्ण्याच्या नकली यंत्रांसाठी आजवर शेकड्यांनी मोडल्या गेल्या, ही या सगळ्या प्रकरणातली खरी खेदाची बाब.

कलकत्त्याचे म्हणून एक वेगळे प्रकरण येथे नोंदले पाहिजे. ‘कुंतलीन’ केशतेल बनवणारे उद्योजक हेमेंद्रमोहन बोस यांनी स्वदेशी चळवळीच्या दिवसांत सिलिंडरवर ध्वनिमुद्रण करून ‘एच. बोस रेकॉर्ड्स’ या नावाने विक्री मांडली. रवींद्रनाथ ठाकुरांचा आवाज त्यांनी सिलिंडरवर उतरवला होता. त्या इतिहासापोटी काही संग्राहक सिलिंडरचे यंत्र घ्यायला उत्सुक असतात. विषयाच्या दृष्टीने याहून मोलाचे यंत्र कोलकात्यात दुसरे नसेल. पण बोस यांचे सिलिंडर बहुतांशी नष्ट झाले, त्यामुळे त्यावर वाजवणार काय हा प्रश्न उरतो. पुढे बोस यांनी पाथे या फ्रेंच कंपनीकडून तबकड्याही छापून घेतल्या. त्या दिसायला इतर तबकड्यांसारख्याच असतात, परंतु त्यांच्या खाचेतील चढउतार डावे-उजवे नसून वर-खाली असतात आणि त्यांना नीलमण्याची गोलसर टोकाची सुई लागते. त्यांवर पोलादी सुई ठेवली तर आवाज धड येत नाही आणि खाच खरवडून निघते. लेबलावर पाथेचे नाव दिसताच हात आखडता घ्यावा हे उत्तम.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कोणते यंत्र चांगले हा प्रश्न अपुरा आहे. तुमच्याजवळ कोणत्या तबकड्या आहेत, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. गौहरजानच्या काळातील मुद्रिका असतील तर अस्सल मोनार्क, किंवा तशाच अभ्रकी साउंडबॉक्सचे यंत्र. बोलपटांची आणि रवींद्रसंगीताची आवड असेल तर हातपेटी. बालगंधर्वांच्या मुद्रिका तर दोन्ही युगांत झालेल्या आहेत. त्यांच्या चाहत्याला एका यंत्रावर भागवणे कठीण. आणि तबकडी एकमेव असेल, दुसरी प्रत ठाऊक नसेल, तर कोणत्याच चावीच्या यंत्रावर ती लावू नये. जाड टोकाच्या सुईच्या, हलक्या भाराच्या विद्युत् पिकअपवर तिची एकदा नक्कल करून घ्यावी आणि मूळ प्रत उभी करून ठेवून द्यावी. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेभोवती जमलेल्या मराठी व अमराठी संग्राहकांनी जुन्या मुद्रिकांच्या याद्या आणि माहिती जमवण्याचे जे काम केले, त्याचा आधार असा निर्णय घेताना होतो.

मोलाविषयी थोडे. मोल ठरते ते मूळपणावरून. मूळ साउंडबॉक्स, मूळ कर्णा, मूळ रंग, अगदी जुन्या विक्रेत्याची पट्टीसुद्धा, ही सर्व भर घालतात. नवे चकचकीत पॉलिश किंमत वाढवत नाही, घटवते. कोलकात्याच्या दमट हवेत लाकडावरचा पापुद्रा सुटतो, कमानीला गंज चढतो, वाळवी तळातून शिरते. अशी प्रामाणिक हानी खोट्या झळाळीपेक्षा परवडली. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाच्या कक्षेत येते व खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील भावाचे आकडे सांगून किंमत चढवू पाहणाऱ्या विक्रेत्याला हे सांगून पाहावे.

लिलावाच्या आधी माल पाहायला मिळतो, त्या वेळी खिशात एक कागदाची पट्टी आणि सुयांची नवी डबी असावी. पट्टी थाळीच्या कडेखाली अडकवून, घड्याळ लावून मिनिटभर फेऱ्या मोजाव्यात. ७८ च्या आसपास भरल्या आणि बाजूच्या अखेरीस गती ढळली नाही, तर मोटार निरोगी. चावी देताना किंवा कमान उलगडताना धप्प धप्प असा आवाज आला तर आतले वंगण घट्ट झालेले असते. तो दोष साधा आहे, पण कमानीची डबी घरी उघडू नये. दाबून बसलेले ते पोलाद सुटले तर बोटे जायबंदी होतात. नंतर एखादी कमी मोलाची, दुसरी प्रत असलेली तबकडी लावून शेवटच्या खाचांपर्यंत ऐकावी, कारण यंत्राचे दोष मधल्या लेबलाजवळ आल्यावर प्रथम कानावर येतात. बरोबर नेलेली तबकडी लाखेचीच आहे ना, हेही पाहून घ्यावे. लाँग-प्ले किंवा ४५ फेऱ्यांची तबकडी या सुईखाली एका वादनात संपते.